दोन गट नंबर आणि आत्याची सही

आजचा विषय कायद्याचा आहे, पण गोष्ट आमच्याच घरातली.

मी चामटोलीची. बदलापूरजवळचं गाव, तालुका अंबरनाथ. 1998 साली आजोबांनी बाबा आणि काकांमध्ये जमिनीची वाटणी केली, रीतसर नोंदणी करून. त्या वाटणीपत्रात दोन गट नंबरांची अदलाबदल झाली. म्हणजे बाबा कसतात ती जमीन कागदावर काकांची, काकांची ती आमची. वीस वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. बांध सगळ्यांना पाठ होता ना!

मग जमिनीला भाव आला. रस्त्याकडेचा तुकडा आमच्या ताब्यात, पण कागदावर काकांचा. चुलत भाऊ म्हणाला, "कागदावर आहे तेच खरं." त्या वर्षी काकांकडचं कुणी आमच्या गणपतीला आलं नाही.

बाबा दीड वर्ष तहसीलचे खेटे घालत होते. ते चुकीचं दार होतं. दस्त बरोबर असेल आणि सातबाऱ्यावर उतरवताना लेखनाची चूक झाली असेल, तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदार ती दुरुस्त करतात. आमचा सातबारा दस्ताप्रमाणेच होता. दस्तच चुकलेला! त्याला लागतं चूक दुरुस्ती पत्र, मूळ दस्तातल्या सगळ्यांच्या सह्यांचं, तेही नोंदणी केलेलं. मग त्यावरून नवा फेरफार. एकजण जरी अडला तर दिवाणी कोर्ट, स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, कलम 26. काका मात्र म्हणाले, "सही करतो. खोटं कशाला बोलू?" मुलाने महिनाभर अबोला धरला.

पण आजोबा आता नाहीत. वकील म्हणाले, त्यांच्या वारसांच्या सह्या हव्यात. म्हणजे आत्याचीही.

आत्या म्हणाली, "वाटणी करताना मला विचारलं होतंत?"

सगळे गप्प. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला, पण 20 डिसेंबर 2004 च्या आधीच्या नोंदणीकृत वाटण्या तशाच ठेवल्या. म्हणजे आत्याला जमीन नाही, सही तेवढी द्यायची. मला विचाराल तर तिचा राग रास्तच होता.

ती आली. आधी शेतावर गेली, बांधावरून एकटीच चालून आली. मग निबंधक कार्यालयात चष्मा लावून मसुद्याची ओळ न् ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"माझ्या नावाची वेलांटी चुकलीय. आधी ते पान बदला."