‘टिपा लिहा’ बंद करा



आभाराचे आणि स्तुतीचे काम आधीच्या वक्त्यांनी पुरेसे केले आहे. हे व्यासपीठ एकदाच मिळते, म्हणून मी थेट मुद्द्यावर येते. 2023 च्या फेब्रुवारीत स्पर्धा परीक्षेची मुले याच पुण्यात रस्त्यावर बसली होती. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 2022 मध्ये राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर केले होते. नऊ पेपर, 1750 गुण, त्यात एकट्या निबंधाला 250. पर्याय निवडून गोळे काळे करण्याची तयारी वर्षानुवर्षे केलेल्या मुलांपुढे अचानक कोरा कागद आला. त्यांनी मुदत मागितली आणि आयोगाने नवी पद्धत 2025 पासून लागू करण्याचे मान्य केले. त्या दिवसांत आपल्या प्राध्यापकांतल्याच काही विद्वानांनी या मुलांना भित्री ठरवले. त्यांना माझा प्रश्न आहे: नवी पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेली ही मुले आली कुठून? बहुतेक सगळी पदवीधर होती. बालभारतीपासून बी.ए.पर्यंत त्यांच्या हातात वही होती आणि समोर आपण होतो. एवढ्या वर्षांनंतरही चार पाने सलग लिहिण्याची वेळ आली की पदवीधराच्या पोटात गोळा येत असेल, तर नापास तो झालेला नाही, आपण झालो आहोत.

या नापास होण्याचे मूळ आपल्या प्रश्नपत्रिकेत आहे. ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन.’ ही एक ओळ मराठीचे जेवढे नुकसान करून गेली तेवढे इंग्रजी माध्यमानेही केलेले नाही, असे मी विचारपूर्वक म्हणते. टीप म्हणजे दुसऱ्याने काढलेले मुद्दे दुसऱ्याने लावलेल्या क्रमाने उतरवणे. तिच्यात विद्यार्थ्याला काय वाटते याला जागा नाही आणि का वाटते याला तर मुळीच नाही. तपासणारा आदर्श उत्तराशी ताडून पाहतो आणि मुद्दा सापडला की गुण देतो. मग विद्यार्थी तरी कशाला विचार करील? तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, अपेक्षित प्रश्नसंच घेतो आणि पास होतो. अभ्यासक्रमात उपयोजित मराठी आणले तेव्हा वाटले होते की आता तरी मुले लिहितील. पण अर्ज, अहवाल, जाहिरात यांचेही नमुने छापून आले आणि तेही पाठ झाले. अभ्यासमंडळावर बसून अभ्यासक्रम ठरवायचा आणि सुट्टीत त्याच अभ्यासक्रमाचे गाईड लिहायचे, असा दुहेरी व्यवहार ज्यांनी चालवला त्यांची नावे घेण्याची गरज नाही. सभागृहाला ती ठाऊक आहेत. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात ठरली तेव्हा सत्कार स्वीकारायला हेच पुढे होते.

लेखन शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती सत्ता देणे, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. त्याचा पुरावा पुण्याने 1855 मध्येच दिला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. आपण तो जयंतीला आठवतो, पण त्याची बांधणी वर्गात शिकवत नाही. मुक्ता प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडते: वेद फक्त ब्राह्मणांचे. मग ते मान्य केले तर काय होते ते विचारते: आमच्यापाशी धर्मग्रंथच उरत नाही, तर आमचा धर्म कोणता? त्यानंतर ती आपल्या लोकांचे जगणे, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल पुराव्यासारखे पुढे ठेवते आणि शेवटी आपल्याच लोकांना अभ्यास करायला सांगते. दावा, तर्क, पुरावा, आवाहन, सगळे तिथे आहे. तिला कोणी टीप लिहायला सांगितली असती तर हा निबंध जन्मला नसता. पुढे 1885 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले आणि त्या नकाराची कारणे दिली. कारणे देऊन नाकारता येणे ही फार मोठी ताकद आहे. नेमके विचारता येणे हीही तशीच ताकद आहे: आज माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करायचा तर महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे विषय एकच आणि शब्द दीडशेच्या आत. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न विचारता येत नाही म्हणून किती अर्ज वाया जात असतील, याचा विचार मराठी विभागांनी करायचा नाही तर कोणी?

मुलांनी लिहिलेले छापायचे कुठे, म्हणून इथे एका जुन्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळते, तो म्हणजे महाविद्यालयाचा वार्षिक अंक. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते आजचे मिलिंद महाविद्यालय. तिथे म. ना. वानखडे यांच्यासारखे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक होते आणि पुढे ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने लिहित्या मुलांना हक्काची पाने दिली. मुलगा लिहितो तेव्हा त्याला कोणीतरी खरोखर वाचणारा लागतो. पुण्यातही 1963 पासून पुरुषोत्तम करंडकासाठी मुले स्वतः एकांकिका लिहितात, कारण समोर प्रेक्षक असतो. आणि वार्षिक अंकाचे आपण काय केले? पाहुण्यांचे सत्कार, उद्घाटनांची रंगीत छायाचित्रे आणि नॅकच्या फायलीत लावायचा एक पुरावा. विद्यार्थ्यांच्या लेखांचे संपादन कोणी करत नाही, मतभेदाचा लेख आला तर तो छापत नाही. ज्या मोजक्या महाविद्यालयांनी हा अंक अजून जिवंत ठेवला आहे त्यांच्या अध्यापकांना मी इथून नमस्कार करते.

लेखन शिकवण्यावरचे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, वर्गात शंभर मुले आणि शिकवणारा तासिका तत्त्वावरचा, तपासणार कोण? पदभरती झाली पाहिजे, त्या लढ्यात मी तुमच्याबरोबर आहे. पण नव्या शैक्षणिक धोरणातला दोन श्रेयांकांचा भाषेचा विषय म्हणजे तीस तास. त्यात लेखनाचे दहा प्रकार शिकवण्याऐवजी एकच लेख तीनदा लिहून घ्या. पहिला खर्डा मुलांनी एकमेकांचा वाचावा, दुसऱ्यावर वर्गात चर्चा व्हावी, शेवटचा तेवढा अध्यापकाने तपासावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लेखन शिकवायचे म्हणजे नंदुरबारच्या, बीडच्या मुलावर सदाशिव पेठेची भाषा लादायची का? मुळीच नाही. पहिला खर्डा त्याने घरच्या बोलीतच लिहावा, विचार तिथे मोकळा होतो. पण बोलीच्या सन्मानाच्या नावाखाली त्याला प्रमाणभाषेपासून दूर ठेवणे हाही अन्यायच आहे, कारण कचेरी, न्यायालय आणि आयोग त्याच भाषेत त्याला तोलणार आहेत. दोन्ही त्याच्या ताब्यात हव्यात, निवड त्याची. तिसरा आक्षेप नवा आहे: आता यंत्रच लिहून देते, मग शिकवायचे कशाला? टीप यंत्र लिहून देईल, आणि ती यंत्राला जमते यावरूनच तिची किंमत कळते. आपल्या गावच्या पाण्याबद्दल, वसतिगृहाबद्दल, आपल्या फीबद्दल काय म्हणायचे हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. ते वर्गात, हाताने, अध्यापकासमोर लिहून घ्या.

म्हणून माझी या सभेला विनंती आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेतून ‘टिपा लिहा’ काढून टाकावे, त्या गुणांसाठी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावरचा सकारण लेख ठेवावा आणि त्या लेखांतून वार्षिक अंक काढावा. हा ठराव आजच, याच सभेत मंजूर करून विद्यापीठाकडे पाठवा.