मस्टरवर नाव नाही, त्याला पगार नाही!
(कामथडी, तालुका भोर, येथील सभेत केलेले भाषण)



आम्ही गिरणीत काम करणारी माणसे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढले शिक्षण साच्यावर नि युनियनच्या कचेरीत झाले. तिथे पहिला धडा मिळाला तो असा : तुम्ही आठ तास घाम गाळा, पण मस्टरवर नाव नसेल तर पगाराच्या दिवशी खिडकीतून हात हलवीत परत यावे लागते. मग खिडकीपाशी कितीही भांडा, उपयोग नाही. नाव आधी लागते.

मतदार यादी हे आपल्या गावाचे मस्टर आहे. आज एवढेच सांगायला आलो आहोत.

हा हक्क कुणी दान म्हणून दिलेला नाही. आपला हा भोरचा मुलूख १९४८ सालापर्यंत संस्थान होता. मुंबईतही महापालिकेच्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले ते १९४८ सालीच. त्याआधी चाळीतल्या कामगाराने शहराची गिरणी चालवायची, पण शहराचा कारभार कोण चालवणार ते ठरवायचे दुसऱ्यांनी! मग काय झाले ते बघा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ माणसांनी प्राण दिले. पण लोक नुसती आरोळी ठोकून घरी बसले नाहीत. १९५७ साली रांगा लावून त्यांनी समितीला मते दिली. १९५८ साली मीरत कटात शिक्षा भोगलेले कामगार पुढारी मिरजकर मुंबईचे महापौर झाले. मोर्चाने सरकार हादरते. पण हादरलेल्या खुर्चीवर कोण बसणार हे मतपेटीच ठरवते. १९६० च्या १ मेला राज्य मिळाले, त्यात दोन्हींचा वाटा आहे.

आता कुणी म्हणेल, राज्य मिळाले, आता गावच्या निवडणुकीचे एवढे काय? अहो, राज्य मुंबईत असते. पण प्राथमिक शाळेचे गळके छप्पर, आरोग्य केंद्रातले औषध, वाडीचा रस्ता, नळाचे पाणी हे सगळे जिल्हा परिषद, पंचायत समिती नि ग्रामपंचायत यांच्या दारात असते. पुणे जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. साहेब भला असेल, पण त्याला तुमच्या दारी मत मागायला यायचे नसते. म्हणून निवडणूक येते तेव्हा ती दवडू नका.

आता कामाचे बोलू. नीट ऐका.

स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी घेतात नि गट, गण, वॉर्ड असे तिचे तुकडे पाडतात. आपली यादी भोर मतदारसंघाची. त्यात भोर, मुळशी नि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, येतो. आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची यादी धरतो. २०२५ साली १ जुलैची यादी धरली होती. ज्याचे नाव त्यानंतर चढले, तो त्या निवडणुकीला राहिला! प्रारूप यादी लागल्यावर हरकत घेता येते. पण ती नाव चुकून गळले, वॉर्ड चुकला, असल्या चुकांपुरती. तिथे नवे नाव चढत नाही.

तेव्हा अठरा वर्षे पुरी झालेल्याने नमुना ६ भरावा. वर्षातून चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पुरी झालेल्या पोरापोरींना आगाऊ अर्ज देता येतो. पत्ता बदलला, नावात चूक आहे, तर नमुना ८. घरचे माणूस वारले, तर नमुना ७ भरून त्याचे नाव काढा; नाहीतर मेलेला माणूस मत देऊन जातो नि जिवंत रांगेत राहतो! अर्जाला पैसा पडत नाही. आणि खिशात कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कार्ड असून यादीत नाव नसेल, तर मत नाही.

मायबहिणींनो, तुमच्याशी खास बोलायचे आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गेली. का? त्यांनी आपले नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. आज सुनेचे नाव माहेरी पडून राहते, सासरी चढत नाही. लग्नाच्या याद्या करता तशी हीही यादी करा. निम्म्या जागा बायांच्या आहेत; मग मतात मागे का?

आणि आता कडू गोष्ट. आपली माणसे पोटासाठी मुंबईला, पुण्याला, खेड-शिवापूरला, शिरवळला जातात. काहींची नावे दोन्हीकडे असतात. निवडणुकीला गाड्या भरून माणसे आणायची, हे बळ नव्हे. कायदा सांगतो, नाव एकाच ठिकाणी. गावात घर आहे एवढ्यावर मतदार होता येत नाही. नि थोड्या दिवसांसाठी बाहेर गेला म्हणून हक्कही जात नाही. खोटे लिहून दिले तर वर्षापर्यंत कैद आहे. कुठे राहता ते मनाशी ठरवा, एक नाव ठेवा, दुसरे काढा. कोणी दोनदा मस्टर मारला तर आम्ही युनियनवाले त्याची बाजू घेत नाही. तुम्हीही घेऊ नका, मग तो आपल्या भावकीतला का असेना.

दर आळीत दोन पोरे उभी करा. यादी घ्या, घरोघर जा, मोठ्याने वाचा. कोण गळला, कोण वारला, कोण नवा, खूण करा. अर्ज बीएलओकडे द्या, पोच घ्या. गाव आपले, यादी आपली, मग निवडणूकही आपली!

जय महाराष्ट्र!