दोन भाऊ, दोन सायकली

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागातील माझ्या घराच्या जिन्याखाली एकच सायकल मावेल एवढी जागा आहे. पुण्याचा आमचा जुना वाडा पाडावयाचे ठरले, तेव्हा तेथून मी दोन सायकली इकडे आणल्या. एक वडिलांची रॅले, १९५४ साली घेतलेली. दुसरी काकांची हंबर, तिच्याहून तीन वर्षांनी थोरली. एकीला निरोप देणे भागच होते, पण कोणत्या? या साध्या प्रश्नाने मला फार छळले, कारण या दोहोंत सरस कोणती, यावर त्या दोघा भावांनी जन्मभर वाद घातला होता.

"रॅले म्हणजे पोलाद!" असे वडील म्हणत. त्यावर काकांचे उत्तर ठरलेले असे : "दादा, पोलाद सगळीकडेच असते. माझ्या हंबरचा चिमटा पाहा!"

दहा पावलांवरून पाहिले तर त्या दोहोंत भेद करणे कठीण. तोच काळा रंग, तीच २८ इंची चाके, तेच सळ्यांचे ब्रेक, तीच ब्रुक्सची कातडी बैठक. जवळ गेले की चेहरे वेगळे दिसू लागतात. रॅलेच्या पुढच्या नळीवरील बिल्ल्यावर आणि चेनच्या दातेरी चाकात बगळ्याचे मुंडके आहे. हंबरच्या दातेरी चाकात माणसांचा फेर कोरलेला आहे, आणि पुढचा चिमटा दुहेरी : चाकाच्या प्रत्येक बाजूस एकाऐवजी दोन बारीक नळ्या. काकांचा सारा अभिमान त्या चार नळ्यांवर उभा होता.

आता या दोन घराण्यांचा इतिहास पाहा. रॅलेचे नाव पडले ते इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराच्या रॅले स्ट्रीटवरून. हंबरचा मूळ पुरुष टॉमस हंबर. त्याचा कारखानाही नॉटिंगहॅमशेजारच्या बीस्टन गावचा. पुढे १९३२ साली रॅलेने हंबरचा सायकलींचा धंदाच विकत घेतला. १९४३ मध्ये रज आणि १९५७ मध्ये बी. एस. ए. याही सायकली तिच्याच छत्राखाली आल्या. अखेर १९६० साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने रॅलेलाच आपल्यात घेतले. म्हणजे काकांनी १९५१ साली हंबर घेतली, त्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे ती नाती जुळलेली होती. आमच्या ओसरीवर मात्र दोन साम्राज्ये झुंजत होती.

जुनी सायकल पारखताना बिल्ल्यावर विसंबू नये. १९५२ पासून आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना चालू झाला. त्यामुळे रॅले हे नाव दिसले की ती विलायतीच असे नाही. स्टर्मी-आर्चर या तीन गिअरांच्या मागच्या हबवर सालाचे आकडे ठोकलेले असतात. वडिलांच्या सायकलीच्या हबवर ५३ हा आकडा आहे. पण तोही साक्षीदार हबचा, सांगाड्याचा नव्हे. चाक बदलले की साक्ष बदलते.

खरी साक्ष मिळाली ती आट्यांत, आणि तीही माझ्या उतावळेपणामुळे. रॅलेची पायडलांची धुरी डगमगू लागली होती. मी ती जवळच्या एका दुकानात नेली. त्यांनी डाव्या बाजूस बाजारातला नवा कप बसवावयास घेतला. तो दोन आट्यांत अडला. "जरा जोर लावा," असे मीच म्हणालो. जोर लागला, आणि आतले जुने आटे कापले गेले. सर्वसाधारण इंग्रजी कपाला इंचास २४ आटे असतात. नॉटिंगहॅमची रॅले इंचास २६ राखून होती, हे मला नंतर कळले.

मग दोन्ही सायकली घेऊन मी एका वृद्ध कारागिरांकडे गेलो. त्यांनी हंबरचा डावा कप काढला आणि त्या जागी रॅलेचा मूळचा, झिजलेला कप नुसत्या बोटांनी फिरवून बसविला. तो आवाज न करता आत गेला. "दोन्ही एकाच घरच्या," ते कानडीत म्हणाले. ज्या वादावर दोन भावांनी आयुष्य काढले, तो त्या इवल्याशा पोलादी कड्याने मिटविला. ऐकावयास मात्र दोघेही उरले नव्हते.

रॅलेचा सांगाडा आता निकामी झाला होता. तेव्हा वडिलांच्या सायकलीचे मागचे चाक मी काकांच्या हंबरला बसविले. बेंगळुरू हे सुमारे तीन हजार फूट उंचीवरचे, चढउतारांचे शहर. येथे एका गिअरची हंबर मला झेपली नसती. मधला गिअर सरळ चालतो. खालच्या गिअरात मागच्या चकतीच्या एका फेऱ्यास चाक पाऊण फेरा घेते, वरच्या गिअरात एक पूर्ण आणि एक तृतीयांश. पहाटे बुल टेंपल रोडचा चढ मी त्या पाऊण फेऱ्यावरच चढतो. चार नळ्यांचा चिमटा पुढे, ५३ सालचा हब मागे असतो.

जुन्या सायकलींचे दर्दी या मिश्रणास नाके मुरडतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. रॅलेचा सांगाडा मी त्या कारागिरांना दिला. बगळ्याचा बिल्ला तेवढा काढून घेतला. तो हंबरवर लावावा असा मोह झाला होता. लावला नाही. काकांना ते खपले नसते.