पैशाची वर्गणी आणि प्रभाकर कंदील
(गणेशोत्सवात केलेले भाषण)



गणपती आले की वर्गणी आली. आज मी एकेका पैशाच्या वर्गणीची गोष्ट सांगणार आहे.

इथे हैदराबादेत आपली विवेकवर्धिनी १९०७ साली सुरू झाली. साधारण त्याच काळात तिकडे महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे स्वदेशी उद्योगासाठी माणशी एक पैसा मागत फिरत होते. लोकमान्य टिळकांचे त्यांना पाठबळ होते. या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला.

पैसा जमला, पण काच करणार कोण? ते काम ईश्वरदास वार्ष्णेय यांनी अंगावर घेतले. ते उत्तरेकडचे. काचेची विद्या ते जपानला जाऊन शिकले होते, पुढे अमेरिकेतही शिकले. तळेगावचा कारखाना नुसता कारखाना नव्हता, तिथे मुलांना काम शिकवत. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवायचा, लोखंडी नळीच्या टोकाला तो रस घेऊन फुंकायचा आणि तयार वस्तू सावकाश निवू द्यायची. घाई केली की काच तडकलीच! हे भट्टीपाशी उभे राहूनच शिकावे लागते.

तिथे शिकलेल्यांपैकी एक श्रीपाद प्रभाकर ओगले. त्यांनी आणि त्यांच्या भावांनी १९१६ साली कराडजवळ स्वतःचा कारखाना काढला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली. त्या जागेची ओगलेवाडी झाली. बंधू गुरुनाथ अमेरिकेला जाऊन अधिक शिकून आले, आणि 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोचला. प्रभाकर हे त्यांच्या वडिलांचे नाव, आणि सूर्याचेही. इथल्या कित्येक आजी-आजोबांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला असेल.

मी डिप्लोमा झालेला सरकारी नोकर. घरातल्या मुलाने काचकाम किंवा मातीकाम शिकतो म्हटले, तर आपला पहिला प्रश्न असतो, "पगार किती मिळेल?" मीही तोच विचारला असता. पण त्या एका पैशातून काच तर झालीच, शिवाय स्वतःच्या पायावर उभी राहणारी माणसे घडली.

म्हणून माझी एक विनंती आहे. मखर थोडे साधे करू, आणि वर्गणीतला थोडा वाटा दरवर्षी हाताचे काम शिकणाऱ्या एका मुलासाठी किंवा मुलीसाठी बाजूला ठेवू. विद्येच्या देवतेला ही आरास नक्की आवडेल.

गणपती बाप्पा मोरया!