विकायच्या घराची डागडुजी

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



घर विकायचे ठरले की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणते नवा रंग काढा, कोणी म्हणते ओटा बदला. माझे म्हणणे एवढेच की, पैसा थोडा घालावा आणि तो दुरुस्तीवर घालावा, नटवण्यावर नव्हे. नवा ओटा घेणाऱ्याला पसंत पडेलच असे नाही. न गळणारा नळ मात्र सर्वांनाच पसंत असतो.

पहिला मान पाण्याचा. ठिबकणाऱ्या नळाचे वायसर बदलायला फार खर्च येत नाही. फ्लशच्या टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाकून अर्धा तास ती वापरू नये. खालच्या भांड्यात रंग उतरला, तर टाकीतून पाणी झिरपते आहे असे समजावे. न्हाणीघरातील फरशी नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर ती सुटली आहे. ती पक्की बसवून घ्यावी. सांधे मोकळे झाले असतील, तर पांढरे सिमेंट भरावे.

दुसरी गोष्ट भिंतीची. ओल असेल, लोणा फुलला असेल, तर त्यावर रंग फासू नये. आधी पाणी कोठून येते ते शोधून बंद करावे, सुटा गिलावा खरवडावा, भिंत पुरती वाळू द्यावी, मग रंग. ओल्या भिंतीवरचा रंग फुगतो, त्याचे पापुद्रे निघतात आणि डाग पुन्हा वर येतो. म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर काढावे.

बाकीचे हातचे काम आहे. बिजागऱ्यांना तेल द्यावे, काचा पुसाव्यात, माळा रिकामा करावा. स्टीलच्या नळावरचे पांढरे डाग लिंबाने निघतात. पण शहाबादी, कडाप्पा किंवा संगमरवरावर लिंबू लावू नये, आंबटाने त्या दगडांची झिलई जाते.

आता मुख्य मुद्दा. गळती दुरुस्त करणे खिशाला परवडत नसेल तर काय करावे? ती दडवू नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की, वेगळा करार नसेल तर, आपल्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तो न सांगणे हे त्याच कलमाने कपट ठरवले आहे. हा नियम घराच्या मालकी हक्कातील दोषालाही लागू आहे. म्हणून कपाट सरकवून डाग झाकण्यापेक्षा डाग दाखवावा आणि किंमत त्याप्रमाणे बोलावी. घेणाराही बहुधा आयुष्याची पुंजी घेऊनच आलेला असतो.

कागदांचीही डागडुजी करावी. खरेदीखत, कराच्या पावत्या, सोसायटीचे भागपत्र एका पिशवीत ठेवावे. भागपत्रावर अजून दिवंगत यजमानांचेच नाव असेल, तर गिऱ्हाईक येण्याआधी वकिलाला विचारून वारसाचे काम मार्गी लावावे. आणि भगिनींनो, जेथे आपली सही लागते, तो कागद आपण स्वतः वाचावा. "मोठ्यांनी वाचला आहे" एवढ्यावर भागवू नये.

घर हातचे जाते, पण शब्द आपल्याजवळच राहतो. तो पक्का असावा, एवढेच सांगून आपली रजा घेते.