श्वास घेतो कोण?

फुप्फुसे हवा ओढून घेतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्यांना तशी स्वतःची शक्ती नाही. ती स्पंजासारखी लवचिक असून मोकळी सोडल्यास आकसून जातात. श्वास घेण्याचे काम करतात ते स्नायू, आणि त्यांत प्रमुख श्वासपटल. छाती व पोट यांच्या मध्ये हा घुमटाकार स्नायू पसरलेला आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राची आज्ञा मज्जातंतूंतून येताच तो आकुंचन पावतो व शांत श्वासात एक-दीड सेंटिमीटर खाली सरकतो. त्याच वेळी बरगड्यांमधील स्नायू बरगड्या वर उचलतात. छातीची पोकळी वाढते, आतील हवेचा दाब किंचित उतरतो आणि सुमारे अर्धा लिटर हवा आत शिरते. लोहाराच्या भात्याचे चामडे हवा ओढीत नाही. भाता उघडणारा हात ओढतो. उच्छ्वासाला मात्र, विश्रांतीच्या अवस्थेत, निराळे श्रम पडत नाहीत.

हा भेद पाठ्यपुस्तकापुरता नाही. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. तिचे दात बारीक. सूज, वेदना बहुधा नसते, कित्येकदा व्रणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. या विषाने मज्जातंतूंची टोके निकामी होतात आणि मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचत नाही. फुप्फुसे निरोगी, हृदय चालू, पुष्कळदा शुद्धही शाबूत. परंतु भाता उघडणारा हात लुळा पडलेला. अशा रुग्णाला मृत समजण्याची चूक होऊ शकते. भोवतालचे रडणे त्याला ऐकू येत असते.

मांत्रिकाकडे गेलेला वेळ येथे प्राणावर बेततो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. वाटेत श्वास थांबलाच, तर डोके मागे कलवून, नाक चिमटीत धरून, दर पाच-सहा सेकंदांनी त्याच्या तोंडात हवा फुंकावी व छाती वर येते की नाही ते पाहावे. उच्छ्वासाच्या हवेतही सुमारे १६ टक्के प्राणवायू असतो, तेवढ्यावर निभावते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे काय, असा प्रश्न पंचायतीच्या बैठकीत विचारला जातो, तो योग्यच आहे. त्याच्या जोडीला मुखवटा व हाताने दाबावयाची हवेची पिशवी आहे काय, आणि ती वापरता कोणाला येते, हेही विचारले पाहिजे. प्रतिविष रक्तातील विषाचा निरास करते. आधीच इजा झालेली मज्जातंतूंची टोके ते दुरुस्त करीत नाही. ती पुन्हा कार्यक्षम होण्यास काही दिवस, क्वचित आठवडेही लागतात. तोवर यंत्राने श्वास चालता ठेवलेला रुग्ण बहुधा पूर्ण बरा होऊन घरी जातो.