सुई टोचताना बाळ कुठे असावं?

सहाव्या आठवड्याची लस म्हटली की दिल्ली असो, नोएडा असो की गुरुग्राम, दृश्य एकच. ‘बाळाला टेबलावर ठेवा, पाय घट्ट धरा.’ बाळ गार रेक्झिनवर उताणं, आई तोंड फिरवून उभी, बाबा मोबाईलमध्ये पुढची तारीख टिपताहेत. माझं म्हणणं असं, की सुई टोचली जाते त्या घटकेला बाळ आईच्या अंगावर असावं, आणि जमलं तर दूध पीत असावं.

‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय?’ असं आपण घरात म्हणतो. १९८०च्या दशकापर्यंत मोठमोठी इस्पितळंही तेच धरून चालली होती. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद ऑक्सफर्डला गेले, तेव्हा शस्त्रक्रियेहून परत येणारी अपुऱ्या दिवसांची बाळं त्यांना पार खचलेली दिसत. शस्त्रक्रियेत या बाळांना हालचाल थांबवणारं औषध मिळे, नायट्रस ऑक्साइड हा गुंगीचा वायू मिळे. जोरकस वेदनाशामक मिळत नसे. आनंद यांनी काही बाळांना फेंटॅनिल हे वेदनाशामक देऊन तुलना केली. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: या बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी वाढली, नंतरची गुंतागुंतही कमी झाली.

मोठ्या शस्त्रक्रियांचं चित्र पालटलं. टाचेतून रक्त घेणं, सलाईनची सुई, लस, हे मात्र ‘किरकोळ’च राहिलं. किरकोळ कुणाला? टोचणाऱ्याला!

आपल्या दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिरेतून रक्त घेण्याआधी काही नवजात बाळांना आईचं काढलेलं पाच मिली दूध पाजलं, काहींना तेवढंच शुद्ध पाणी. कुणाला काय मिळालं, हे मोजणाऱ्यांपासून लपवलेलं. दूधवाली बाळं कमी रडली. अशी वेदना मोजताना चेहरा बघतात: कपाळावर आठी, डोळे गच्च मिटलेले, नाकपुडीपासून ओठाकडे उतरणारी घडी. सोबत नाडी आणि ऑक्सिजन.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये सांगितलं, की लस देताना बाळाला धरून ठेवा, अंगावर पाजा, सर्वांत दुखणारी सुई शेवटी द्या. रोटाव्हायरसचा डोस गोड असतो, तो आधीच पाजावा. आधीपासून पॅरासिटामॉल देऊ नये; त्याने टोचण्याची कळ कमी होत नाही.

समोरच्या आजीबाईंच्या मनातलं ओळखतो: मग मध चाटवला तर? मुळीच नाही. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो. साखरेचं पाणीही घरी करू नका. ते इस्पितळात मोजून, थेंबांनी देतात.

‘पिताना ठसका लागेल’ हा नर्सताईंचा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकतो. भीती समजण्यासारखी आहे, पण अंगावर पाजतानाच्या चाचण्यांत तसं आढळलेलं नाही. खरी अडचण जागेची. गर्दीच्या लसीकरण केंद्रात आईला पदर घेऊन बसायला खुर्ची कुठे असते? एक खुर्ची, एक पडदा, आणि टोचण्याआधी बाळ नीट प्यायला लागेपर्यंतची मिनिटं, एवढं मागायला लाजू नका.

एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातल्या, पुष्कळ बाळांना चोखताही येत नाही. तिथे जिभेवर दुधाचे थेंब सोडतात, आणि दुसरं कुणीतरी बाळाचं डोकं नि मुडपलेले पाय हातांच्या ओंजळीत धरतं. ते काम आई करू शकते, बाबाही करू शकतात. हात कोपरापर्यंत धुतलेले हवेत, अंगठी काढलेली.